दीड फुटाचे जोते

मित्रांनो, मी एक जुना मोजखांब आहे आणि मी रागावलेला आहे. लाकडाला कसला आला आहे राग, असे तुम्ही म्हणाल. मलाही पूर्वी तसेच वाटायचे. पण चाळीस वर्षे खाऱ्या पाण्यात उभे राहून मी कुजलो नाही, आणि गेल्या दोन वर्षांत मात्र आतून नुसता धुमसतो आहे. म्हणून आज सगळी हकीकत सांगतो. मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

जिथे नदी समुद्राला मिळते, तिथल्या एका गावाच्या धक्क्याशी मी उभा होतो. अंगावर फुटाफुटाला एक तांबडा आणि एक पांढरा पट्टा, आणि प्रत्येक पट्ट्यावर काळा आकडा. पाणी ज्या आकड्याला टेकेल, तितके फूट पाणी. काम एवढेच. काही शहाणे मला पाणीपट्टी म्हणायचे, तेव्हा पाणी बघून सांगायला नेमलेला मापारी त्यांना सांगायचा, "पाणीपट्टी भरायची असते, बाबा. हा नुसता बघायचा."

मला घडवले होड्या बांधणाऱ्या एका सुताराने. त्याचा जन्म लाकूड वाकवण्यात गेलेला, त्यामुळे सरळ लाकडाशी त्याची ओळख कमी. मला तासताना तो सारखा पुटपुटायचा, "सरळ राहा रे, सरळ राहा." मग रंगारी आला. त्याने चौदापर्यंत आकडे काढले, तेव्हा धक्क्यावरची माणसे पोट धरून हसली. "चौदा फूट पाणी कुणाच्या बापानं बघितलंय?" एकाने विचारले. रंगारी म्हणाला, "रंग उरला होता."

ते दिवस फार चांगले होते. होडीवाले लांबूनच ओरडायचे, "किती?" आणि मापारी मला बघून ओरडायचा, "साडेचार! या बिनधास्त!" मालाने भरलेली होडी गाळात रुतायची की धक्क्याला लागायची, ते माझ्यावर ठरायचे. मुले शाळेतून येताना माझ्याशेजारी उभी राहून आपली उंची बघायची. वर्षातले सगळ्यात मोठे उधाण तेव्हा सहाच्या आकड्याला टेकायचे आणि मुकाट्याने परत जायचे.

मापारी गेला आणि त्याचे काम त्याच्या बायकोकडे आले. खरे तर ते आधीपासून तीच करत होती, तो फक्त ओरडायचा. गाव तिला मापारीण म्हणू लागले. ती पेन्सिलीने लिहायची, कारण शाई पाण्याने पसरते. लाट खाली-वर होत असली की ती तीन लाटा थांबायची आणि मगच आकडा लिहायची. कुणी म्हटले, "मापारीणबाई, अंदाजे लिहा की," तर ती डोळे वटारायची. "अंदाज हवा असेल तर ज्योतिषाकडे जा." तिला एक मुलगी होती, शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय हलवणारी. आई आकडा सांगायची आणि मुलगी तो मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे चूक राहू नये.

आता ते जोत्याचे सांगतो.

एकोणीस वर्षांपूर्वी एक वादळ आले आणि धक्क्याचा कोपरा खचला. मी आडवा पडलो. मापारणीचा दीर गवंडी होता. त्याच्या हाताची एक खोड होती. त्याला जोत्याशिवाय काही उभे करता यायचे नाही. कोंबड्यांचे खुराडे बांधले तरी खाली जोते घालायचा. "बिनजोत्याचं काम म्हणजे अनवाणी नवरदेव," असे म्हणायचा. त्याने मोठ्या प्रेमाने माझ्यासाठी दगड-सिमेंटचे दीड फुटाचे जोते बांधले आणि मला त्यावर ताठ उभे केले. माझे बूड कुजू नये म्हणून. काम इतके देखणे झाले की गाव बघायला आले.

आणि मी त्या दिवसापासून खोटे बोलू लागलो. मी दीड फूट वर चढलो होतो, पण माझे आकडे तेच होते. पाणी सहा फूट आले तरी मी साडेचार दाखवायचो. पहिल्याच भरतीला हे सगळ्यांच्या लक्षात आले. गवंडी ओशाळला आणि जोते फोडायला छिन्नी घेऊन आला. पण मापारीण म्हणाली, "राहू द्या, भाऊजी. इतकं छान झालंय. आम्ही दीड मिळवून घेऊ."

झाले. गावाने मला दीडशहाणा असे नाव ठेवले आणि दीड मिळवायला शिकले. होडीवाला "किती?" म्हणून ओरडायचा, मापारीण मला बघायची, मनात दीड मिळवायची आणि खरा आकडा सांगायची. लहान पोरांनाही हे येत होते. पण तिच्या वहीत जो रकाना होता, त्यावर छापलेले होते 'खांबावरील आकडा'. ती काटेकोर बाई. खांबावर जो आकडा, तोच ती लिहायची. सतरा वर्षे लिहिला. त्यात तिची काय चूक होती, ते मला आजपर्यंत कळलेले नाही.

पुढे समुद्र चढू लागला. तो एकटा चढला नाही, जमीनही खचली. वर घाटापलीकडे कुणीतरी नदी अडवली होती, त्यामुळे गाळ यायचा थांबला आणि आमच्या गावाखालची माती दरवर्षी थोडी थोडी वाहून गेली. विहिरी खारट झाल्या. भाजीचे वाफे पांढरे पडले. घरांच्या भिंतींना पोटरीपर्यंत मिठाच्या रेघा उठल्या. त्या रेघा पुसायचा प्रयत्न बायकांनी पहिली दोन वर्षे केला, मग सोडून दिला.

माणसे निघू लागली. सुरुवातीला ते सोपे होते. घाट चढायचा, वरच्या शहरात सूतगिरणीत काम धरायचे, दोन खोल्या बघायच्या आणि मागून आई-वडिलांना न्यायचे. शहराला हात हवे होते आणि हातांबरोबर माणूस येतो, याचे शहराला तेव्हा काही वाटत नव्हते. मग शहराला वाटू लागले. नळाला पाणी कमी, दवाखान्यात गर्दी, सगळे खापर खालून आलेल्यांच्या डोक्यावर. घाटाच्या तोंडाशी एक चौकी बसली आणि नियम आला. चाळिशीच्या आतल्या, हातात काम असलेल्या माणसाला पास. बाकीच्यांना स्थलांतर परवाना लागेल. परवाना मिळेल तो गाव बुडत असेल तर. आणि गाव बुडते आहे की नाही, ते खांब सांगेल.

म्हणजे मी, मित्रांनो. मी, दीडशहाणा!

नियम असा होता की वर्षाचे मोठे उधाण लागोपाठ तीन वर्षे आठ फुटांच्या वर गेले पाहिजे. माझ्यावर ते सव्वाआठ, साडेआठ आणि पावणेनऊ गेले होते. दीड न मिळवताही गाव नियमात बसत होते. सगळ्यांनी अर्ज भरले. मापारणीची मुलगी तोवर सूतगिरणीत लागली होती, पासवर. तिने वर दोन खोल्या घेतल्या, आईसाठी खिडकीजवळ खाट टाकली. पास असा होता की चौकी ओलांडून एकदा खाली आले की तो रद्द. त्यामुळे ती येऊ शकत नव्हती, फोन करायची. मापारीण माझ्याजवळच्या पायरीवर बसून बोलायची, कारण तिथेच आवाज नीट यायचा.

"आई, बांधाबांध केलीस का?"

"आधी कागद येऊ दे. कागदाच्या आधी बोचकं बांधलं की कागद रुसतो."

कागद रुसलाच. अर्ज आठ महिने कुठल्याशा टेबलावर पडून राहिले आणि त्या आठ महिन्यांत नियम बदलला. आठाचे नऊ झाले. कुणी विचारले नाही, कुणी येऊन बघितले नाही. तिकडे कोरड्या खोलीत बसलेल्या एका माणसाने एक आकडा खोडून दुसरा लिहिला आणि इकडे अख्खे गाव बुडत नसलेले ठरले.

मग पाहणीला साहेब आले. ओहोटीच्या वेळी आले, हे सांगायला नको. ते काही दुष्ट नव्हते. मापारणीला 'बाई' म्हणाले, पाणी दिले तर प्यायले, खारट लागले तरी तोंड वाकडे केले नाही. याचाच मला जास्त राग येतो. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे, बाई. पण तिन्ही वर्षं नऊच्या आतच आहेत."

"साहेब, त्यात दीड मिळवा," मापारीण म्हणाली.

"कशात?"

"सगळ्यात. पावणेदहा, दहा, सव्वादहा. खरं पाणी ते आहे."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"रकाना खांबावरच्या आकड्याचा आहे. खांबावर हाच होता."

"आणि दीड मिळवायचं, हे कुठे लिहिलंय?"

मापारणीने वहीची दोन पाने मागे उलटून पाहिली. मग म्हणाली, "लिहिलेलं नाही. पण सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला माझ्याकडे रकाना नाही, बाई."

तेवढ्यात गवंडी पुढे झाला. सतरा वर्षे ज्या जोत्याचे कौतुक ऐकले, त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "साहेब, ही माझी चूक आहे. मी बांधलंय हे. मोजून बघा. शिक्षा करायची तर मला करा, गावाला नको." साहेबांनी खरोखर फीत काढली आणि मोजले. बरोबर दीड फूट भरले. गावाचा जीव भांड्यात पडला. मग साहेब म्हणाले, "जोतं दीड फूट आहे, मान्य. पण ते सतरा वर्षांपूर्वीचं कशावरून? नियम बदलल्यावर मागच्या महिन्यात बांधलं नसेल कशावरून?"

"अहो, शेवाळं बघा त्याच्यावरचं!" गवंडी ओरडला.

"शेवाळाला तारीख नसते हो."

मापारणीने त्यांचा हात धरला नाही एवढेच. ती त्यांना धक्क्यासमोरच्या आपल्या घरात घेऊन गेली आणि भिंतीवरची मिठाची रेघ दाखवली, उंबऱ्याच्या वर फूटभर. शेजारच्या घरात तीच रेघ, पलीकडच्या घरातही तीच, सुताराने सूत धरून मारल्यासारखी सरळ. साहेबांनी ती बघितली. मी धक्क्यावरून उघड्या दारातून त्यांचे तोंड बघत होतो, त्यांना ती पटली होती. तरी ते म्हणाले, "भिंत हे मान्य उपकरण नाही. मान्य उपकरण खांब आहे."

मित्रांनो, त्या दिवशी मला वाणी असती तर मी एवढ्याने ओरडलो असतो की साहेबांची फीत गुंडाळली गेली असती. अहो, मी खोटा आहे! माझे ऐकू नका, त्या बाईचे ऐका! पण मी सरळच उभा राहिलो, सुताराने सांगितले होते तसा. सरळ उभे राहणे म्हणजे खरे बोलणे नव्हे, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होते.

मापारीण हार मानणारी नव्हती. तिने फेरतपासणीचा अर्ज केला. महिन्याने उत्तर आले की खांब तपासणीसाठी कार्यालयात सादर करावा. गवंड्याने स्वतःच्या हाताने ते देखणे जोते फोडले. छिन्नीच्या प्रत्येक घावाला तो स्वतःला एक शिवी देत होता. मला ट्रॅक्टरवर बांधले आणि मापारीण माझ्याजवळ वही मांडीवर घेऊन बसली. चौकीवर शिपायाने कागद बघितला.

"खांब जाऊ शकतो. सरकारी मालमत्ता आहे. तुम्ही उतरा."

"अहो, पण खांब काय बोलणार? बोलायला मी नको?"

"कागदावर खांब लिहिलंय, मावशी. माणूस लिहिलेला नाही."

तिला उतरवले आणि मला पुढे नेले. चाळीस वर्षे तिच्या घराण्याने मला सांभाळले. तिला घाट चढता आला नाही आणि मला मात्र बिनबोभाट चढवले. माणसाला परवाना लागतो, लाकडाला लागत नाही. या न्यायाला काय म्हणायचे ते तुम्हीच मला सांगा.

कार्यालयाच्या बोळात मला भिंतीला टेकवून ठेवले. गळ्यात चिठ्ठी अडकवली. माझ्यावर कुणी छत्री टांगली, कुणी ओला टॉवेल. मला तपासायला कुणी आले नाही. मापारणीची मुलगी दर सोमवारी पाळी सुटली की कपड्यांना सूत चिकटलेल्या तशाच अवस्थेत यायची आणि खिडकीवर विचारायची, "खांब तपासला का?" आतून उत्तर यायचे, "पुढच्या सोमवारी." मग ती माझ्याजवळ येऊन माझ्यावरची छत्री काढून बाजूला ठेवायची आणि जायची.

त्या वर्षी मोठे उधाण आले, तेव्हा मी इथे ठणठणीत कोरडा होतो. खाली भर दुपारी पाणी खिडक्यांना लागले, हे मला मुलीच्या बोलण्यातून कळले. मापारणीने दाराच्या चौकटीवर खिळ्याने रेघ ओढली, अकरा गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि कागद वर पाठवला. उत्तर आले की गावात मान्य उपकरण उपलब्ध नसल्याने यंदाची मोजणी झालेली नाही. एक वर्ष कोरे राहिले की लागोपाठची तीन वर्षे तुटतात. पुन्हा पहिल्यापासून मोजा. खांब त्यांनीच नेला आणि खांब नाही म्हणून गावालाच दोष दिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

मुलीने त्या सोमवारी खिडकीवर हात आपटला. "माझी आई माळ्यावर राहतेय. शिडी लावून चढते. साठी ओलांडलीय तिनं. खांब तपासा नाहीतर परत द्या!" आतल्या कारकुनाने मान खाली घातली आणि म्हणाला, "ताई, मी काय करू? माझ्या हातात काही नाही." त्याच्या हातात शिक्का होता.

मग एक दिवस घाटाच्या चौकीवरचा अडसर एका ट्रकने मोडला. नवा यायला वेळ लागणार होता. कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. "बोळात एक लाकूड पडलंय बघा. तांबडं-पांढरं रंगवलेलंच आहे, रंगाचाही खर्च नाही." दोन माणसांनी मला उचलले, एका टोकाला वजन बांधले, दुसऱ्याला दोरी लावली आणि रस्त्यावर आडवा टाकला. माझ्या फाइलीत लिहिले गेले की खांब आढळून येत नाही, सबब प्रकरण बंद.

मी आढळून येत नाही! दिवसातून चारशे माणसे माझ्यासमोर थांबतात आणि मी आढळून येत नाही!

मागच्या रविवारी दुपारी खालून माणसांची रांग आली. गाव सुटले होते. आता ती सगळी चौकीखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. रांगेत मापारीण होती, काखेत एक बोचके घेऊन. ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला असा रस्त्यात आडवा कधी दिसलो नव्हतो, तरी तिने मला ओळखले. सहाच्या आकड्यावरून हात फिरवला, तिथला रंग तिच्याच बोटांनी झिजलेला होता.

"पाणी मोजता मोजता माणसं अडवायला लागलास होय रे, मेल्या?" ती म्हणाली.

मला लाज वाटली, मित्रांनो. इतकी लाज मला खोटे आकडे दाखवतानाही वाटली नव्हती.

पलीकडून मुलगी धावत आली. ती खाली येऊ शकत नव्हती आणि आई वर जाऊ शकत नव्हती. दोघींच्या मध्ये मी, एका वितीच्या जाडीचा. मुलीने आईच्या गालाला हात लावला. "किती वाळलीस गं."

"ओल्यात राहून वाळले, नवलच की नाही?" आई हसली आणि लगेच रडली.

मुलीने शिपायाला विचारले, "दादा, हिला माझ्या खोलीवर नेते. खाट तयार आहे. कुणाचं काय जाणार आहे?"

शिपाई तरुण होता. त्याच्या हातात माझी दोरी होती. त्याने ती घट्ट धरली आणि दुसरीकडे बघितले. "नियम आहे, ताई. मी काय करू?"

दोघी तासभर माझ्यावर कोपरे टेकून बोलत राहिल्या. मुलीने माझ्यावरून डबा दिला, ब्लँकेट दिले. डब्याला परवाना लागत नव्हता. मग पाळीची वेळ झाली आणि ती गेली. मापारीण शेडकडे वळली. त्यानंतरचे सगळे रविवार असेच जाणार आहेत.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी एखादी विनंती करते, की मला पुसा, रंगवा, उन्हातून सावलीत ठेवा. मला यातले काही नको. माझा रंग उडू दे, मला वाळवी लागू दे. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमच्यातल्या कुणाच्या हातात शिक्का येईल, कुणाच्या हातात फीत, कुणाच्या हातात ही दोरी. तेव्हा "मी काय करू?" असे विचारू नका. नियम वाचून झाला की मान वर करा, समोर कोण उभे आहे ते बघा, आणि दोरी ओढा. मी लगेच वर होईन. पाण्याबाहेर उन्हात वाळून मी आता अगदी हलका झालो आहे, मला उचलायला एक हात पुरतो.